करंजमाळाचा पहिला नंबर

"मूल निजलं असलं तर घंटा वाजवायची नाही, वृंदे. देव थांबेल, त्याला सवय आहे. उठलेलं मूल थांबत नाही."

आत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी वृंदा गुरव पूजेला बसली की हे वाक्य आधी ऐकू यायचं आणि मग समई लागायची. आत्याच्या हाताखालीच ती वाढली होती. गुरवाचं घर, दाराशीच शंकराचं देऊळ, आणि शेजारपाजारच्या बाया शेतावर जाताना आपली तान्ही आत्याच्या ओसरीवर टाकून जायच्या. तेव्हापासून वृंदाची पूजा बिनआवाजाचीच. सूर्य उगवायच्या आत दिवा, स्तोत्र ओठांतल्या ओठांत, आणि दिवसभर कुणाला लागेल असा शब्द बोलायचा नाही, एवढं तिचं रोजचं व्रत. नवरा गेला, नोकरीत बदल्या झाल्या, व्रत सुटलं नाही. जिल्ह्याच्या बालकल्याण ऑफिसातले लोक चेष्टेनं म्हणत, "गुरव मॅडम रागावल्या की नाही हे कळायला वेगळं यंत्र लागेल."

यंत्र आलंही होतं, पण ते मॅडमच्या रागासाठी नव्हतं. लेकरांच्या रडण्यासाठी होतं.

जिल्ह्यात पाळणाघरं द्यायची, पण कुठं द्यायची, हा प्रश्न तसा जुनाच. पूर्वी ज्या गावाचा पुढारी साहेबांच्या खोलीत जास्त वेळ बसे, त्या गावाला पाळणाघर मिळे. मग सर्वेक्षण आलं. बाईला विचारायचं, "तुम्ही कामावर गेल्यावर मुलाला कोण सांभाळतं?" बाई म्हणायची, "हाय की सासू." सासू त्याच कामावर शेजारच्या पाटीवर बसलेली असायची. पण अनोळखी माणसासमोर 'माझ्या लेकराला कुणी बघत नाही' असं कुठली आई म्हणेल?

म्हणून ऑफिसचे प्रमुख डॉ. नलवडे यांनी माणसांना विचारणंच बंद केलं आणि थेट लेकरांना विचारलं.

तान्ह्या मुलाचं रडणं म्हणजे नुसता गोंगाट नसतो. भुकेचं रडणं हळू चढतं, त्याला एक लय असते. दुखल्याचं रडणं एकदम फुटतं आणि पहिल्या किंकाळीनंतर श्वास कोंडून राहतो. हे प्रत्येक आईला कानानं कळतं. नलवड्यांनी ते यंत्राला शिकवलं. वाटीएवढं ते यंत्र विजेच्या खांबावर बसायचं. त्याला शब्द कळत नव्हते, कुणाची बोलणी ते साठवत नव्हतं. ते फक्त दोन गोष्टी टिपायचं: मूल रडायला कधी लागलं, आणि कुणी त्याला 'ओ' कधी दिली. रडणं थांबण्याचे दोन प्रकार असतात. समजूत निघालेलं मूल हुंदके देत, आवाज लहान लहान करत थांबतं. दमलेलं मूल मध्येच तुटल्यासारखं थांबतं. यंत्राला हा फरकही कळायचा. हाक आणि ओ यांच्यामधल्या रिकाम्या वेळाची बेरीज म्हणजे त्या वस्तीचा हाक-अंक. अंक जितका मोठा, तितकी पाळणाघराची गरज मोठी. नकाशावर मोठा अंक लाल दिसे आणि लहान अंक हिरवा. निधी लालकडे वळे. मध्ये पुढारी नाही, साहेब नाही, सासू नाही.

वृंदाला हे फार आवडलं होतं. लेकराची हाक कुणीतरी ऐकतंय, मग ते यंत्र का असेना, यात तिला देवाचंच काहीतरी दिसत होतं. वस्त्यावस्त्यांवर जाऊन यंत्र बसवून घ्यायचं आणि बायांची भीती घालवायची, हे काम तिनं मागून घेतलं.

करंजमाळावर ती पहिल्यांदा गेली ती थंडी सरता सरता. तासगावकडच्या माळावर ही बेदाण्याच्या शेडची वस्ती. लांबच्या लांब शेड, आत जाळ्यांच्या रॅकवर सुकत घातलेली द्राक्षं, एका बाजूला गंधकाची धुरी द्यायच्या बंद खोल्या. त्या वासानं मोठ्या माणसाचा घसा धरायचा, मग लेकरांना तिथं कसं न्यायचं? बाया उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत बेदाणा निवडायच्या, काड्या काढायच्या, आणि लेकरं पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत झोळ्यांमध्ये. त्यांच्याजवळ एक पूनममावशी. तिला गुडघ्यानं उभं राहता येत नव्हतं, म्हणून शेडवर काम नव्हतं, म्हणून लेकरं तिच्याकडे.

खांबावर यंत्र बसताना सगळ्या बाया खाली गोळा झाल्या होत्या. यावरून पाळणाघर कुठं द्यायचं ते ठरतं, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

"काय ओ ताई, आमचं भांडणं बी ऐकतंय का हे?" एकीनं विचारलं.

"छे. याला फक्त लेकरांचा आवाज कळतो."

"मग सासूपरीस बरं. ऐकतंय, पर बोलत न्हाई!"

हशा पिकला. पण मागं उभी असलेली एक तरणी पोर हसली नाही. वैष्णवी तिचं नाव, कडेवर सहा-सात महिन्यांचा मुलगा. "आन् लेकरू रडलं तर?" ती म्हणाली. "कुणाचं रडलं ते बी कळतंय का? म्हंजे आमच्यावर काय बालंट?"

वृंदानं पाहिलं, हशा एकदम विरला होता. आपलं लेकरू जास्त रडतं, आपण आई म्हणून कमी पडतो, हे सरकारला कळणार, ही ती भीती होती. तिनं पुढं होऊन वैष्णवीच्या मुलाच्या गालाला बोट लावलं आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाली, "अगं, घाबरायचं काय त्यात? तुम्ही एवढ्या कष्टातही लेकरांना किती जिवापाड जपता, ते आता सरकारला ऐकू जाईल. उलट चांगलंच होईल तुमचं."

बायांचे चेहरे उजळले. वृंदालाही बरं वाटलं. खरं तर तिनं म्हणायला हवं होतं की लेकरं रडतात यात लाज नाही, रडू देत, त्यासाठीच हे आहे. पण लेकरं रडतात हे त्यांच्या तोंडावर म्हणणं तिला लागट वाटलं. गोड शब्द जिभेवर तयार होता. तोच गेला. आणि एका वस्तीवर त्यानं काम झालं म्हणून पुढच्या प्रत्येक वस्तीवर तिनं तोच वापरला.

चैत्र लागायच्या सुमाराला नकाशा तयार झाला. नलवड्यांनी तो भिंतभर पडद्यावर लावला. करंजमाळ इतका हिरवागार होता की आजूबाजूच्या पोपटी ठिपक्यांत उठून दिसत होता.

"हे बघा, मॅडम. अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात कमी हाक-अंक. मला वाटलं होतं तिथं परिस्थिती वाईट असेल."

"मलाही वाटलं होतं," वृंदा म्हणाली. "पण ती मावशी फार मायाळू आहे, साहेब. आणि बायांची एकी आहे."

"म्हणूनच आकडे हवेत. आपल्या वाटण्यावर गेलो असतो तर गरज नसलेल्या ठिकाणी पाळणाघर दिलं असतं. करा मंजुरीच्या यादीवर सही."

तिनं सही केली. शांत लेकरांची वस्ती. आत्याच्या ओसरीवरची निजलेली तान्ही तिला आठवली, आणि तिच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

त्याच आठवड्यात वैष्णवीचा फोन आला. "ताई, आम्ही वस्तीवर चैत्रगौरीचं हळदीकुंकू करतुया. तुम्ही यायचंच. न्हाई म्हणायचं न्हाई."

वृंदा घुटमळली. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला ती जायची ती मदतीला. आत डाळ वाटायची, पन्हं गाळायचं, बायांच्या ओळीत बसायचं नाही. कुणी तसं म्हणत नसे; तिची तीच बाजूला होई. पण वैष्णवीच्या आवाजात इतकी ओढ होती की ती निघाली.

करंजमाळावर पोचली तर शेडच्या तोंडाशी रांगोळी. रॅकची एक जाळी उलटी करून त्यावर गौर मांडली होती. पुढं बेदाण्यांची रास, कैरीची डाळ, स्टीलच्या पिंपात पन्हं. बाया नव्या साड्या नेसून उभ्या. आणि ती काही बोलायच्या आत पूनममावशीनं तिला हाताला धरून पाटावर बसवलं.

"अहो मावशी, मला नको. मला चालत नाही ते."

"कुणाला चालत न्हाई? गौरीला?" मावशी फणकारली. "तिनं काय सांगितलंय तुमच्या कानात? ते समदं आमच्या आजीच्या टायमाला गेलं. बसा गप."

बायांनी तिच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. वैष्णवीनं कपाळाला कुंकू लावलं. किती वर्षांनी तिची ओटी भरली जात होती. वृंदाचे डोळे भरून आले, आणि मनात तिनं गौरीला नमस्कार केला.

"पण हे कशाबद्दल गं?"

"कशाबद्दल म्हंजे!" वैष्णवी हसली. त्या दिवशी न हसलेली पोर आज तोंडभर हसत होती. "शेडमालकाच्या पोरानं मोबाइलवर नकाशा दावला. आख्ख्या जिल्ह्यात करंजमाळाचा पयला नंबर. समद्यात कमी रडणारी लेकरं आमची! आता पाळणाघर कवा येतंय तेवढं सांगा."

वृंदाच्या कानांत काहीतरी गच्च बसल्यासारखं झालं. या बाया गुणपत्रिकेसारखा तो नकाशा वाचत होत्या. पहिला नंबर म्हणजे बक्षीस. आणि बक्षीस म्हणजे पाळणाघर.

"तुम्हीच म्हणाला हुता न्हवं," पूनममावशी म्हणाली, "किती जपताय ते सरकारला ऐकू जाईल. तवापासून एक आवाज हुऊ दिला न्हाई मी. खांबाला शप्पत ऐकू गेला नसंल. चला, दावते."

ओटी पदरात तशीच धरून वृंदा तिच्यामागून पत्र्याच्या खोलीत गेली. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पत्रा तापून वाफ झाली होती. झोळ्या ओळीनं टांगलेल्या. एकही हलत नव्हती. भरदुपारी, त्या उकाड्यात, सगळी लेकरं निजलेली. माणसांची चाहूल लागूनही एकाही लेकरानं कूस बदलली नाही.

जवळच्या झोळीत वैष्णवीचा रुद्र होता. त्याच्या ओठावर माशी बसली होती. वृंदानं ती हाकलली, गालाला बोट लावलं, त्या दिवशीसारखंच. मान कलंडली. डोळा अर्धा उघडा राहिला, पण त्यात बघणं नव्हतं.

"मावशी, याला काय दिलंय?"

"काय न्हाई ओ. सर्दीचं औषध. समद्यांना एक-एक झाकण. लई गुणाचं हाय, निवांत झोपत्यात. आज कार्येक्रम हाय, तुम्ही येणार, म्हणून याला आणि अर्धं जास्त दिलं. हा जरा रडका हाय न्हवं."

मग पळापळ झाली. शेडमालकाचा टेम्पो निघाला. वैष्णवीच्या मांडीवर रुद्र, शेजारी वृंदा, आणि वृंदाच्या पदरात तो नारळ. टाकता येत नव्हता, कुठं ठेवता येत नव्हता. प्रत्येक खड्ड्यात तो तिच्या पोटावर आदळत होता. ती रुद्रच्या तळपायाला चिमटे काढत होती आणि वैष्णवी एकसारखी म्हणत होती, "रड की रं. रड की रं माझ्या राजा."

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आत घेतलं, प्राणवायू लावला, बाकीच्या लेकरांनाही ताबडतोब घेऊन या म्हणून वस्तीवर निरोप धाडला. संध्याकाळच्या आत बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, धोका टळलाय, बाकीचीही सावध होतायत. मग वृंदाकडे बघून, ती अधिकारी आहे हे कळल्यावर, म्हणाल्या, "या औषधानं मूल झोपत नाही, मॅडम. त्याचा मेंदू मंद होतो. रोज दिलं तर ते भूक लागल्याचंसुद्धा सांगायचं विसरतं. आणि नुसतं औषधच कशाला? ज्याच्या रडण्याला कधीच ओ मिळत नाही, ते मूलही हळूहळू रडायचं सोडून देतं. आईबापांना वाटतं शहाणं झालं. तुमचं ते यंत्र हे कसं ओळखतं?"

यंत्राला समजूत निघाल्याची शांतता कळत होती, दमल्याची शांतता कळत होती. पण जे रडणं सुरूच झालं नाही, त्याची शांतता त्याला कळत नव्हती. वृंदालाही कळली नव्हती, आणि तिला तर कान देवानं दिले होते.

आतून रुद्रचं रडणं ऐकू आलं. आधी चिरकं, मग मोठं. वैष्णवी उठून धावली, त्याला घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसली, पदराआड घेतलं.

"पाळणाघर न्हाई मिळणार न्हवं आमाला?" तो प्यायला लागल्यावर वैष्णवीनं विचारलं.

"लाल वस्त्यांना मिळतं. जिथं लेकरं जास्त रडतात तिथं."

वैष्णवीनं मान वर केली. ते समजायला तिला वेळ लागला, आणि समजल्यावर तिचा चेहरा रागानं नाही, लाजेनं काळवंडला. वृंदाला ते रागापेक्षा जड गेलं. "म्हंजे आम्ही येड्यागत... आन् तुमची ओटी भरली आम्ही."

"लाज तुला नको वाटायला, वैष्णवी. मी नीट सांगितलं नाही."

"का सांगितलं न्हाई?"

किती साधा प्रश्न. वृंदानं खरं उत्तर शोधलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आमाला वाईट वाटंल म्हणून," वैष्णवीनं ते शब्द हळूच परत म्हटले, जणू तोलून बघत होती. मग एकदम विचारलं, "दुसऱ्या वस्त्यांवर बी हेच बोलला आसाल न्हवं तुम्ही?"

हे वृंदाच्या मनात आलंच नव्हतं.

"बोललात. तुमच्या त्वांडावरच दिसतंय. तिथल्या बाया बी काय तरी करत आसतील. कुणी औषध, कुणी अफू, कुणी त्वांडात बोळा. त्यास्नी कोण सांगणार?"

"मी ऑफिसमधून सगळीकडे निरोप—"

"निरोप नगं. निरोपावर कोण इश्वास ठेवतंय? तुमच्या त्वांडचा शब्द हाय तो, ताई. तुमच्यावर भरवसा ठिवूनच आम्ही ह्ये केलं. तुम्हीच तो त्यांच्या दारात जाऊन माघारी घ्या. आन् लेकरं रडत्यात ह्यात लाज न्हाई, ह्ये बी तुम्हीच सांगा. द्या शब्द."

बाकावर, रुद्रच्या डोक्यावर हात ठेवून, वृंदानं शब्द दिला.

ओटीचे तांदूळ टाकायचे नसतात. रीत अशी की घरी नेऊन शिजवायचे आणि आपणच खायचे. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर वृंदानं ते शिजवले. देवापुढं बसून तिनं पान वाढून घेतलं. या बायांनी आपल्या अर्ध्या पोटातून काढून हे मूठभर तांदूळ तिच्या पदरात घातले होते, त्यांच्या लेकरांना मिळायचं ते तिच्या सहीनं हिरावलं गेल्यावर. तिनं पाणी पिऊन पिऊन पान संपवलं. एक शीतसुद्धा ठेवलं नाही. हे प्रायश्चित्त आहे असं वाटून घ्यायची तिला इच्छा झाली, पण तेही मनानं मानलं नाही. नुसतं जेवण होतं ते. तेही दुसऱ्याच्या घासातलं.

डॉ. नलवड्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. रुद्रचं ऐकताना त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवून दिला.

"करंजमाळाचं आजच करतो," ते म्हणाले. "माझ्या अधिकारात एक खास पाळणाघर मंजूर करता येतं. पुढच्या आठवड्यात माणसं, पाळणे, सगळं जाईल."

"आणि बाकीच्या वस्त्या, साहेब?"

"त्यासाठी यंत्राला नवीन शिकवावं लागेल. किती तान्ही मुलं आहेत आणि त्यांनी साधारण किती रडायला हवं, याचा मेळ घालायचा. कमी रडणं संशयास्पद धरायचं. जमेल. पुढच्या फेरीपर्यंत तयार होईल."

"पुढची फेरी म्हणजे एक वर्ष."

"निधी वर्षातून एकदाच येतो, मॅडम."

"तोवर मी जाऊन सांगते त्यांना, की औषध देऊ नका."

नलवड्यांनी चष्मा परत चढवला. "नाही. हे मात्र करू नका. नीट ऐका. हे यंत्र खरं बोलतं ते लोकांना त्याचा अर्थ माहीत नसेपर्यंतच. तुम्ही सांगितलंत की रडलं तर पाळणाघर मिळतं, की उद्यापासून लेकरांना चिमटे काढायला लागतील. सगळा जिल्हा लाल होईल. मग कुणाची गरज खरी, हे कुणालाच कळणार नाही, आणि आपण पुन्हा पुढाऱ्याच्या खुर्चीपाशी येऊ. एवढ्या वर्षांचं काम जाईल."

"आणि नाही सांगितलं तर झाकण भरून पाजत राहतील."

"सगळीकडे पाजत असतील कशावरून?"

"सगळीकडे मी बोललेय यावरून."

खिडकीबाहेर शिपायानं कुणाला तरी हाक मारली. त्याला लगेच ओ मिळाली.

"मॅडम, हा माझा आदेश समजा," नलवडे शेवटी म्हणाले, पण नजर तिच्याकडे नव्हती. "पुढच्या फेरीपर्यंत एकाही वस्तीशी परस्पर संपर्क नाही. तुम्ही गेलात तर मला चौकशी लावावी लागेल. तुमच्यासारख्या बाईवर मला ते करायचं नाही."

तुमच्यासारख्या. म्हणजे कधी कुणाला न दुखावणाऱ्या. वृंदाला पहिल्यांदाच कळलं की ज्याला ती आयुष्यभर व्रत म्हणत आली, त्यातला निम्मा भाग स्वतःला लागू नये म्हणून होता. अप्रिय शब्द ती दुसऱ्यासाठी टाळत नव्हती. तो बोलल्यावर समोरच्या डोळ्यांत जे दिसतं, ते तिला बघवत नव्हतं.

"साहेब," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "तुमचं म्हणणं खोटं नाही. काही आया चिमटे काढतीलही. पण चिमटा काढलेलं लेकरू निदान रडतं. कुणीतरी ऐकतं."

तिनं नमस्कार केला आणि ती बाहेर पडली.

करंजमाळाच्या मंजुरीचा कागद दुसऱ्या दिवशीच निघाला. वैष्णवीनं फोन करून सांगितलं, मोजमाप घ्यायला माणसं आली होती, मावशीला मदतनीस म्हणून घेणार आहेत. आवाजात आनंद होता, पण ती आनंदापाशी थांबली नाही. "आन् ते दुसरं?" तिनं विचारलं.

"निघतेय," वृंदा म्हणाली.

सरकारी गाडी मागवली असती तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. म्हणून ती रजा टाकून एसटी स्टँडवर गेली. सकाळची वेळ, फलाटावर भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं. मोबाइलवर नलवड्यांचं नाव उमटलं, थरथरलं, विझलं. तिनं तो पिशवीत खाली सारला. कुठून सुरुवात करायची ते तिनं ठरवलं होतं: हळदीच्या कारखान्याजवळची वस्ती, जिथं बायांनी तिचं बोलणं सगळ्यात भक्तिभावानं ऐकलं होतं. नकाशावर करंजमाळाच्या खालोखाल हिरवी.

गाडी सुटली. काय बोलायचं ते तिनं जुळवून बघितलं. प्रत्येक वाक्याला तिची जीभ आपोआप मऊ कड लावत होती, आणि प्रत्येक वेळी ती ते मोडून परत सुरू करत होती. 'मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.' एवढंच राहिलं. त्याला गोड करायला काही लावता येईना.

"कुठं, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

तिनं फाट्याचं नाव सांगितलं.

"फाट्यावरनं आत गाडी जात न्हाई बरं का. उनाचं लई चालायला लागंल."

"चालेन," वृंदा म्हणाली, आणि सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले.